उटीत सात नंबरच्या क्लबनं गोल्फचा चेंडू १६० यार्ड गेला! मेव्हण्याचे आयर्न घ्यावेत का?

चारभिंती:

साताऱ्यात "मी गोल्फ खेळतो" असं सांगितलं की पुढचा प्रश्न "कुठं?" असाच येतो, आणि तो रास्त आहे. उत्तर असं, की महिन्यातनं दोन रविवार येरवड्याच्या कोर्सवर, एका मित्राचा पाहुणा म्हणून. पहाटे साडेचारला निघायचं, खंबाटकी अंधारातच ओलांडायची, पहिल्या टीवर (पहिला चेंडू मारायची जागा) उजाडताना उभं राहायचं. बाकीचे दिवस पुतण्याच्या रानात. ऊस तुटून गेला की दोनेक महिने मोकळं रान मिळतं, तेवढीच आमची रेंज.

वय ६१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, हँडिकॅप २२ (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा). हे सगळं आधीच सांगितलं, म्हणजे पुढं कोणी मला प्रो समजून उपदेश करायला नको.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं (दोन साताऱ्याचे, दोन कराडचे) गोल्फसाठी म्हणून उटीला गेलो. गाडीनं. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत म्हैसूरला मुक्काम. बंदीपूरचं जंगल रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतं, त्यामुळं रात्रीतनं दामटायचा कराडकरांचा बेत फसला. मला बरंच वाटलं. सकाळी जंगलातनं गुडलूरमार्गे वर चढलो. पाच दिवसांत चार राउंड झाले.

निघायच्या आदल्या दिवशी मेव्हण्यानं सांगलीहून त्याचा आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबांचा, सेट पाठवून दिला. पाच नंबर ते पिचिंग वेज (नंबर वाढेल तसा चेंडू कमी लांब जातो, वेज सगळ्यात जवळचा), सहा क्लब, ग्रॅफाइट शाफ्ट म्हणजे दांडा, दीड वर्ष वापरलेले. "दाजी, खेळून बघा, पटलं तर ठेवा." माझा सेट २००१ साली सेकंड हँड घेतलेला, स्टील शाफ्टचा. ग्रिप दोनदा बदलल्यात, बाकी काही नाही.

तर काय झालं ते ऐका. पहिल्याच दिवशी ग्रीन (भोक असतं ती बारीक गवताची जागा) १५० यार्डांवर. पुण्यात माझा सात नंबर १३५ जातो, कधी वारा पाठीशी असला तर १४०. म्हटलं नवा सात मारू, पुढं पडला तर पडला. चेंडू ग्रीनवरनं, मागच्या उतारावरनं, थेट पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांत. गॉर्स म्हणतात त्याला. हात घातला तो रक्ताळूनच बाहेर आला. चार दिवसांत लेझरनं मोजून मोजून सरासरी काढली, १६० यार्ड! म्हणजे पंचवीस यार्डांची वाढ. शिवाय माझा जन्मजात स्लाइस जवळजवळ गेला. उजवीकडं केळ्यासारखा वळणारा चेंडू सरळ जायला लागला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे उजवा कोपर. दोन राउंड लागोपाठ खेळलो की आतल्या बाजूनं ठणकतो तो. चार राउंड झाले, ठणकला नाही.

मेव्हणा ४५ हजार म्हणतोय. नवा सेट लाखाच्या घरात जातो. बायकोचं म्हणणं, "माझ्या भावाशी घासाघीस करायची नाही." बोला, घेऊ का?

रिकामा ओव्हर:

४५ हजारात गल्लीतल्या सगळ्या पोरांना बॅटी येतील काका. चालू द्या.

सांगलीचा भडंग:

विषयच हार्ड! पंचवीस यार्ड म्हणजे सरळ दोन क्लबचा फरक की ओ. डोळं झाकून घ्या. आणि मेव्हण्याला सांगा, पुढच्या खेपेला ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) पण पाठव म्हणून.

टूलरूम:

चारभिंती साहेब, घाई करू नका. मी कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगच्या तपासणीत आयुष्य घातलं, त्यामुळं आकडा दिसला की आधी गेज कुठला ते विचारायची खोड आहे. तीन प्रश्न:

जुना सात नंबर उटीला बरोबर होता का? नव्या सातचा लॉफ्ट किती अंश? आणि लेझर झेंड्यावर मारत होता की चेंडू पडला तिथं?

चारभिंती:

जुना सेट घरीच राहिला. चार बॅगा, चार माणसं, वर कराडकरांची शेगडी, डिकीत जागाच नव्हती. लॉफ्ट माहीत नाही हो, क्लबवर नुसता ७ कोरलाय. लेझर मात्र नीट वापरला, चेंडूपाशी जाऊन मागं उभ्या मित्राच्या बॅगेवर मारत होतो.

टूलरूम:

म्हणजे तुलना उटीतल्या नव्या सातची, पुण्यातल्या जुन्या सातच्या आठवणीशी. तपासणी खात्यात असा रिपोर्ट घेऊन गेलो असतो तर साहेबांनी तो टराटरा फाडला असता.

आता एकेक बघू.

लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा कल. जुन्या काळच्या सात नंबरचा लॉफ्ट ३५-३६ अंशांच्या आसपास असायचा. आता ज्यांना गेम इम्प्रूव्हमेंट म्हणतात त्या सेटमध्ये सात नंबर २८ ते ३० अंशांचा येतो. तोंड उभं झालं, चेंडू लांब जाणारच. कंपनीनं पाच-साडेपाच नंबरचा क्लब बनवला आणि त्यावर ७ कोरला. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही (कारण खाली लिहितो), पण दोन्हीवर सारखाच आकडा आहे म्हणून तुलना करू नका.

माझ्याकडं त्याच काळातला एक सेट आहे. आमच्या टूलरूममध्ये बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून मोजला होता. सात नंबर ३५.५, पाच नंबर २८. मेव्हण्यांचा सात २९ निघाला, तर तुम्ही मारत होता तो जवळपास तुमचाच जुना पाच नंबर.

दुसरं, उटी. तिथं तुम्ही २,२४० मीटरवर, म्हणजे सुमारे ७,३५० फुटांवर होता. विरळ हवेत चेंडू लांब जातो. गोल्फमध्ये ढोबळ हिशोब दर हजार फुटांना १.१६ टक्के असा धरतात. उटीचे झाले साडेआठ टक्के. पुणं ५६० मीटरवर आहे, त्याचे दोन टक्के तुमच्या १३५ मध्ये आधीच धरलेले आहेत. उरले सहा-साडेसहा. १३५ वर साडेआठ यार्ड. हे साडेआठ यार्ड मेव्हण्यांचे नाहीत, निलगिरीचे आहेत. त्याचे ४५ हजार कशाला?

सांगलीचा भडंग:

टूलरूम काका, सगळी मजा घालवली राव.

मेणवली:

टूलरूम यांचं गणित बरोबर आहे, फक्त त्यांनी एक वजाबाकी सोडली. मी वाईत फिजिक्स शिकवायचे. मिस्टर लष्करात असल्यामुळे छावण्यांच्या कोर्सवर बरीच वर्षं खेळले, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलते.

उटीत सकाळी तापमान किती होतं? बारा-तेरा असेल. पुण्यात तुम्ही खेळता तेव्हा नऊ-दहापर्यंत तिशीच्या जवळ जातं. थंड हवा दाट असते. उंचीमुळे हवेचा दाब पुण्यापेक्षा अंदाजे १८ टक्क्यांनी कमी, पण गारठ्यामुळे घनतेत सहाएक टक्के परत मिळतात. म्हणजे उंचीने दिलेल्यातला तिसरा हिस्सा थंडीने काढून घेतला. त्यात गार पडलेला चेंडूही कमी उसळतो. साडेआठ नव्हे, पाच-सहा यार्ड धरा.

आता स्लाइसबद्दल, ज्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त आनंद झालाय. चेंडू वळतो तो फिरकीमुळे हवेवर जो बाजूला रेटा मिळतो त्याने. हवाच विरळ, तर रेटा कमी. तुमचा स्विंग तोच, चूक तीच, फक्त हवा तुमची चूक कमी दाखवत होती. खंबाटकी उतरलात की स्लाइस परत भेटेल.

आणि याच कारणाने चेंडू उंचही कमी चढतो. तोही रेट्यामुळेच तरंगतो ना. तो चपटा येऊन पडतो आणि पळतो. पहिल्या दिवशी तुम्ही गॉर्समध्ये गेलात ते केवळ ताकदीने नव्हे. चेंडू ग्रीनवर पडून थांबला नाही, असंही असेल.

चारभिंती:

मेणवलीताई, पडलं तर ग्रीनवरच होतं. थांबलं नाही. हे मी मूळ धाग्यात गाळलं होतं.

आता निघालंच आहे तर आणखी एक कबुली. माझ्या बॅगेवर साठीचा एक कॅडी होता. पहिल्या दिवशी १५० वर मी सात काढला तेव्हा तो नऊ नंबर पुढं करत म्हणाला, "साब, छोटा मारो. नीचे से आनेवाला सब लोग इधर लंबा मारता है." मी त्याच्याकडं बघून हसलो होतो. रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं की कॅडीला वाटतंय मी फार लांब मारतो.

रिकामा ओव्हर:

इथं मात्र माझा +१. कॅडीला.

खोडवा:

अवांतर आहे, पण राहवत नाही. पुतण्याच्या रानात मारता म्हणजे शेजारी ऊस उभा असणार. तिकडं गेलेला चेंडू परत कसा मिळवता?

चारभिंती:

मिळवत नाही. उसात चेंडू गेला की तोड आल्यावरच बघायचा. पाचट, साप, काय काय असतं. पहिल्या वर्षी तोडीवरच्या बायकांनी टोपलीभर आणून दिले, "आप्पा, ही कसली अंडी म्हणायची?" आता त्यांना ठाऊक झालंय. यंदा बांधावरच ढीग लावून ठेवला होता, ५७ निघाले. त्यातले चाळीस रानाच्या उजव्या अंगाला, म्हणजे स्लाइसचा लेखी पुरावा.

पण कुणी हे वाचून कासला किंवा पाचगणीच्या टेबललँडवर बॅग घेऊन जाऊ नका. कासला फुलं तुडवाल, आणि टेबललँडच्या जांभ्या दगडावर क्लबची वाट लागेल. विचारणारे भेटलेत, म्हणून लिहिलं.

ओगलेवाडी:

मी म्हणतो एवढे पैसे घालायचेच तर फोर्ज्ड घ्या. कास्टवाले आयर्न म्हणजे बिडाचा तवा. फोर्ज्डला जो फील आहे तो कास्टला येणं शक्य नाही. जपानी लोक हिरोशिमात घडवतात ते मिझुनोचे बघा.

टूलरूम:

ओगलेवाडी, बिडाचा तवा म्हणालात आणि माझ्या वर्मावर बोट ठेवलंत. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर ओतले गेले, तेव्हापासून हा भाग ओतकामावर जगलाय. त्यामुळं जरा सविस्तर.

फोर्ज्ड म्हणजे मऊ कार्बन स्टीलची कांडी लाल करून डायमध्ये घणाखाली दाबायची. लोहाराचंच काम, फक्त घण टनांचा. कास्ट आयर्न क्लब म्हणतात तो बिडाचा नसतोच. तो स्टेनलेस स्टीलचा, तोही मेणाच्या साच्यातून ओतलेला. आधी क्लबचं हुबेहूब मेणाचं डोकं करायचं, त्यावर सिरॅमिकच्या रबडीचे थरावर थर द्यायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. पंचधातूच्या मूर्ती करणारे पिढ्यान्पिढ्या हेच करत आलेत.

याचा फायदा असा, की घणाखाली न जमणारे आकार ओतून मिळतात. कार्स्टन सोलहाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. १९५९ मध्ये त्यानं गॅरेजमध्ये एक पटर (ग्रीनवर चेंडू भोकाकडं ढकलायचा क्लब) बनवला, चेंडू लागला की पिंग असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं. त्यानं वजन क्लबच्या मध्यातून काढून कडेला नेलं. पुढं आयर्नलाही तेच केलं, पाठ पोखरून. त्यालाच कॅव्हिटी बॅक म्हणतात.

गुऱ्हाळाच्या इंजिनाचं फ्लायव्हील आठवा. वजन सगळं कडेला, म्हणून एखादं कांडं जाड आलं तरी चाक गचका खात नाही. तसंच चेंडू तोंडाच्या मध्यावर न लागता टोकाला लागला तरी कॅव्हिटी बॅक क्लब हातात कमी पिरगळतो. ब्लेडमध्ये, म्हणजे भरीव पाठीच्या जुन्या घाटाच्या क्लबमध्ये, सगळं वजन चेंडूमागं एकवटलेलं. मध्यावर लागला तर लोणी, नाही लागला तर मनगटापर्यंत मुंग्या. २२ हँडिकॅपला मध्यावर किती लागतात ते चारभिंतींनीच सांगावं.

फीलचं म्हणाल तर तो अर्धा कानानं येतो. कापूस घालून मारून बघा.

ओगलेवाडी:

कापूस घालून फोर्ज्ड मारायला मी काय कुस्तीच्या मैदानात हलगीशेजारी बसलोय? असो. मतभेद कायम. पण गुऱ्हाळ पटलं.

मेणवली:

टूलरूम, तुम्ही वर "कारण खाली लिहितो" म्हणालात आणि गुऱ्हाळात रमलात. मी लिहिते.

नवा सात म्हणजे जुना पाच, हे आकड्याने खरं आहे. पण जुना पाच नंबर साठीच्या माणसाकडून हवेत चढतो का? माझ्याकडून पन्नाशीनंतर चढेनासा झाला. वजन तळाकडे नेल्यामुळे आणि तळ रुंद केल्यामुळे २९ अंशांचा नवा क्लब चेंडू पूर्वीच्या जास्त लॉफ्टच्या क्लबसारखा वर उचलतो. कंपन्यांनी लॉफ्ट उभा केला तो नुसता बढाईसाठी नव्हे. एवढ्या खाली वजन असलेल्या क्लबला जुना लॉफ्ट ठेवला तर चेंडू आभाळात जाऊन जागेवरच पडेल.

तेव्हा चारभिंती, खरी परीक्षा अशी. पुण्यात, एकाच सकाळी, नवा सात आणि जुना पाच, दहा-दहा चेंडू, आलटून पालटून. सगळ्यात लांब गेलेला कुठला हे बघू नका. दहापैकी किती कामाचे गेले ते मोजा.

आणि तोंडावर चेंडू कुठे लागतो ते बघायला महागडी स्टिकर घेऊ नका. कॅरमची पावडर ओलसर फडक्याने तोंडावर पुसायची, वाळली की मारायचं. ठसा स्वच्छ दिसतो.

वाढे फाटा:

वाचतोय. एक शंका. या लॉफ्टच्या भानगडीत पिचिंग वेजचं काय होतं?

टूलरूम:

लाख मोलाचा प्रश्न. तोही उभा होतो. पूर्वी ४८ अंशांच्या आसपास असायचा, या सेटांत ४१ ते ४४ मध्ये कुठंतरी. चारभिंतींच्या बॅगेत पुढचा वेज किती अंशांचा आहे? ५२ किंवा ५४ असेल तर मध्ये दहा अंशांचं भगदाड. ९५ ते १०५ यार्डांवर त्यांच्याकडं क्लबच नाही. मग अर्धा मार, पाऊण मार, आणि २२ हँडिकॅपचा पाऊण मार म्हणजे नवस बोलायचा. ४७-४८ चा एक गॅप वेज वेगळा घ्यावा लागेल. तो खर्च ४५ हजारात धरा. बॅगेत १४ च क्लब ठेवता येतात हेही बघा.

चारभिंती:

माझा वेज ५४ चा आहे. आणि उटीत तिसऱ्या दिवशी शंभर यार्डांवरनं सलग तीन होल मी ग्रीनच्या अलीकडं-पलीकडं नाचत होतो. मला वाटलं गारठ्यानं हात आखडलेत.

हळद मार्केट:

दाजी, नमस्कार.

सांगलीचा भडंग:

आरारारा! मेव्हणं आलं.

हळद मार्केट:

लिंक ताईनं पाठवली. सगळा धागा वाचला. टूलरूम साहेब कुपवाडचे म्हणजे आमच्याच गावचे, त्यांच्याबद्दल राग नाही. लॉफ्ट २९ च आहे, पिचिंग वेज ४३. कंपनीचा कागद माझ्याकडं आहे.

मी सेट का काढतोय ते दाजींना फोनवर नीट सांगितलं नव्हतं, इथं सांगतो. शाफ्ट ६५ ग्रॅमचा आहे. आधी माझ्याकडं १२५ ग्रॅमचा स्टील होता. मला हातात काही धरलंय असंच वाटत नाही, झोपाळ्यासारखा स्विंग होतो आणि चेंडू डावीकडं उसात. तेव्हा क्लबमध्ये खोट नाही, माझ्या अंगात रग जास्त आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. मी सहा फूट दोन इंच. ऑर्डर देताना शाफ्ट अर्धा इंच लांब घेतला होता.

मेणवली:

हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं! चारभिंती, तुमची उंची?

चारभिंती:

पाच फूट सहा. टोपीसकट.

मेणवली:

मग स्लाइसचं दुसरं कारण मिळालं. क्लब लांब आणि माणूस बुटका, की क्लबचा पुढचा टोकाचा भाग जमिनीपासून उचलला जातो, टाच टेकते. याला लाय अँगल म्हणतात. टोक वर असलं की तोंड आपोआप थोडं डावीकडं बघतं. तुमचा चेंडू उजवीकडं वळत होता तो डावीकडं सुटायला लागला. दोन चुका एकमेकींना भेटल्या आणि सरळ गेला. उटीतले तुमचे डिव्हट (मारताना गवत-माती उखडून पडणारे खड्डे) टाचेच्या बाजूला खोल पडत होते का?

घरी तपासायचं असेल तर चेंडूवर मार्करने उभी जाड रेघ काढा, ती तोंडासमोर सरळ उभी राहील असा चेंडू ठेवा आणि मारा. शाई तोंडावर उमटते. रेघ उभी उमटली तर लाय ठीक, तिरकी आली तर नाही.

चारभिंती:

काल रानात जाऊन आलो. रेघ तिरकी. पाचही वेळा. पुतण्या म्हणाला, "काका, हे खेळताय का सर्व्हे करताय?"

हळद मार्केट:

दाजी, पाच हजार कमी करा. ताईला सांगू नका.

टूलरूम:

घाबरू नका, दुरुस्त होतं. शाफ्ट अर्धा इंच कापता येतो. ग्रिप काढायची, कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळायचा, बारीक दात्यांच्या हॅकसॉनं फिरवत फिरवत कापायचं. सरळ दाबलात तर ग्रॅफाइटचे धागे पिंजतील. क्लब टोकाकडं किंचित हलका वाटेल, अर्ध्या इंचाला स्विंगवेट (मारताना डोक्याकडं जाणवणारं वजन) तीन पॉइंटनं उतरतं. तुमच्या कोपराला ते चालेल. लायही सुधारेल, पूर्ण नाही. उरलेला एखादा अंश माहीतगाराकडून वाकवून घ्या. ओतलेलं स्टेनलेस आहे, एक-दोन अंशांपलीकडं जोर केला तर मानेत तडकेल. ओगलेवाडींचा फोर्ज्ड इथं खरंच सरस, तो मऊ असतो, निमूट वाकतो. घ्या, दिला एक गुण.

ओगलेवाडी:

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

चारभिंती:

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मधल्या काळात शाफ्ट कापले. एकाची चाचणी म्हणून आधी पाच नंबर कापला, धागा पिंजला नाही. पुण्यातल्या एकाकडनं एक अंश वाकवून घेतला. रविवारी दोन्ही सेट घेऊन गेलो. डिकी रिकामी होती.

मेणवलीताईंनी सांगितलं तसंच केलं, दहा-दहा, आलटून पालटून. जुना पाच नीट लागला तेव्हा १५२ गेला. नवा सात नीट लागला तेव्हा १४९. म्हणजे शुद्ध लांबीच्या हिशोबानं मी उलट तीन यार्ड तोट्यात. पण जुना पाच दहापैकी तीनच नीट लागले. दोन तर जमिनीवरनं सशासारखे पळाले. नवा सात दहापैकी सात. पावडरचे ठसे तोंडभर विखुरलेले आहेत, मध्यावर म्हणावेत असे दोनच, तरी चेंडू बऱ्यापैकी गेले. गुऱ्हाळाचं इंजिन.

स्लाइस परत आला. पहिल्या टीवरच भेटला, ताईंनी सांगितल्याप्रमाणं. लाय दुरुस्त झाल्यामुळं तर अगदी घरच्यासारखा.

कोपर मात्र ठणकला नाही. नंतर मुद्दाम जुन्या सातनं वीस चेंडू मारले, संध्याकाळी आतल्या बाजूनं परत कळ. आता मला कुणी लॉफ्ट, उंची, तापमान काही सांगा, ही कळ काही निलगिरीच्या हवेची नव्हती. ६५ ग्रॅमचा ग्रॅफाइट आणि माझा जुना जड स्टील, एवढाच फरक. मूळ धाग्यात हे मी तिसऱ्या नंबरला लिहिलं होतं.

सेट घेतला. ४० हजार. ४८ चा गॅप वेज जुना मिळाला, सहा हजारात. जुना सेट पुतण्याला दिलाय, म्हणजे उसात आता दोघांचे चेंडू.

रिकामा ओव्हर:

आणि घरी किती सांगितले?

चारभिंती:

४५.

हळद मार्केट:

दाजी, ताई हा धागा रोज वाचते.